प्रोबची वायर हलली की स्कोपवरचा सिग्नल जातो. कनेक्टर आणि लीड कशा सांभाळायच्या?

रिवाइंडिंगवाला_घाटंजी

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आता नुसत्या रिवाइंडिंगवर भागत नाही. सोलर पंपाचे कंट्रोलर, जिनिंगमधले व्हीएफडी (मोटरीचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह), ऑटो स्टार्टरची कार्डं, सगळंच येतं. म्हणून नागपूरहून जुना, दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप (सिग्नलची लहर पडद्यावर दाखवणारा स्कोप) आणला. मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर आणि ५०० व्होल्टचा मेगर (मोटरीचं इन्सुलेशन तपासायचा) आधीपासून आहे.

मशीन सगळी चालू आहेत, पण भरवसा राहिला नाही. स्कोपच्या प्रोबची वायर जरा हलली की सिग्नल उडतो, कधी त्याच्या जागी जाड पट्टा येतो. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तर ०.२ च्या जागी कधी १.५, कधी २ ओहम दाखवतो. आणि मेगरचं तर असं, की उन्हाळ्यात ठीक आणि पाऊस लागला की येईल ती मोटर खराब सांगतो. एवढ्या मोटरी एकदम खराब होणार नाहीत, हे मलाही कळतं.

दुकान टिनाचं आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असेल तर आत टेबलाला हात लावता येत नाही. पलीकडेच जिनिंग आहे, दिवाळीनंतर सरकी-रुईचा हंगाम सुरू झाला की हवेत पांढरे तंतू तरंगतात आणि टेबलावर, सॉकेटात, सगळीकडे बसतात. अशा ठिकाणी हे कनेक्टर साफ कशानं करायचे, वायरी ठेवायच्या कशा? नवीन लीड घ्यायला तयार आहे, पण आधी दोष नेमका कुठं आहे ते समजू द्या.

वऱ्हाडी_वायरमन

भाऊ, एवढं कायले टेन्शन घेऊन रायले? थोडंसं पेट्रोल घ्या, जुन्या टूथब्रशनं घासा. काळं पडलं असंन तं बारीक पॉलिश पेपरचा एक हात मारा, चकाचक होते. मी कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट असेच साफ करतो, कायी होत नाई.

शिल्पनिदेशिका_वर्धा

वायरमन भाऊ, इथे पेट्रोल नको आणि पॉलिश पेपर तर अजिबात नको. तुमच्या कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचे, चांगले जाड असतात. घासले तरी खाली चांदीच लागते, आणि नुसते काळे दिसतात म्हणून घासायची तिथेही गरज नसते. बीएनसीच्या, म्हणजे स्कोपला प्रोब लावायच्या गोल कनेक्टरच्या, मधल्या कॉन्टॅक्टवर सोन्याचा मुलामा असतो आणि त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, सोन्याचा थर एक-दोन मायक्रॉनचाही असेल-नसेल. पेपरचा एक हात फिरला की तो गेला. त्या दिवशी चकाचक दिसेल, पण खालचा धातू उघडा पडल्यावर पहिल्याच पावसाळ्यात काळा पडेल, आणि मग सिग्नल कायमचाच लहरी होईल. पेट्रोल मागे तेलकट थर सोडतं, लीडचं प्लास्टिक खराब करतं आणि पेट घेतं ते वेगळंच.

आता घाटंजीचे भाऊ. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला शिकवते. आमच्या लॅबमध्ये पोरं "मॅडम, स्कोप गेला" म्हणत येतात तेव्हा स्कोप क्वचितच गेलेला असतो. गेलेली असते वायर, नाहीतर जोड. म्हणून साफसफाईच्या आधी दोष शोधायचा. न शोधता पुसत बसलात तर हलवाहलवीनं दोष तात्पुरता लपतो आणि चार दिवसांनी गिऱ्हाईकासमोर परत येतो.

स्कोपपासून सुरू करा. पुढच्या पट्टीवर प्रोब तपासायचा हुक असतो, त्यावर बहुतेक स्कोपमध्ये १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मिळते. प्रोब तिथे लावा, क्लिप शेजारच्या अर्थला लावा. मग वायर एकदम सगळी हलवू नका. आधी फक्त बीएनसीचा प्लग बोटानं बाजूला दाबा. मग प्लगच्या मागे रबराची शेपटी असते तिथे वाकवा. मग हँडलपाशी. कुठे हात लावल्यावर लहर उडते ते बघा, आणि कशी उडते तेही बघा. लहर नुसती मरून सरळ रेघ आली तर मधली तार तुटतेय. तुम्ही लिहिलाय तसा जाड पट्टा आला तर तो घरच्या लाइटचा ५० हर्ट्झ आहे, म्हणजे बाहेरचा अर्थ सुटतोय. दोन्ही होतंय म्हणजे बहुधा प्लगपाशीच काहीतरी आहे. त्यानंतर तोच प्रोब दुसऱ्या चॅनलला लावा. दोष सोबत आला तर प्रोबचा, जागेवर राहिला तर स्कोपच्या सॉकेटचा.

खात्रीसाठी प्रोब स्कोपमधून काढा आणि मल्टिमीटरनं मोजा. प्रोबच्या हँडलवरचा स्विच १०एक्सवर (सिग्नल दहापट कमी करून देणारी जागा) असताना टोकापासून बीएनसीच्या मधल्या पिनेपर्यंत ९ मेगाओहम आला पाहिजे, १एक्सवर काहीशे ओहम. क्लिपपासून बीएनसीच्या बाहेरच्या कड्यापर्यंत जवळजवळ शून्य.

१एक्सवर काहीशे ओहम बघून घाबरू नका. प्रोबच्या आतली तार मुद्दाम रोधाची, केसासारखी बारीक ठेवलेली असते, लहरीत घुमणारे झटके जिरवण्यासाठी. म्हणूनच ती तुटली तर डाग देऊन जोडता येत नाही. साधं कथील तिला धरत नाही. आणि तिच्या जागी सीसीटीव्हीची किंवा आरजी-५८ केबल जोडून भागवू नका, प्रोबचं सगळं गणित बिघडतं. तार तुटलेला प्रोब बदलायचाच.

आता सॉकेट. एक भिंग आणि मोबाइलचा टॉर्च घ्या, स्कोप बंद करून बीएनसीच्या आत बघा. मधोमध सोनेरी नळी दिसेल, तिला उभ्या चिरा असतात, चार पाकळ्या असल्यासारखी. भोवती पांढरं टेफ्लॉन. पाकळ्या सारख्या अंतरावर, मिटलेल्या हव्यात. एखादी बाहेर फाकली असेल तर कोणीतरी जाड काहीतरी कोंबलेलं आहे. तुमच्याकडे मला वाटतं आणखी एक गोष्ट दिसेल: पाकळीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत आडवा पडलेला रुईचा तंतू, वर धूळ. कोरडा असेपर्यंत तो काही करत नाही. पण कापूस हवेतला दमटपणा ओढून घेतो, नेहमीच्या हवेतही आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतो. त्यात काळ्या मातीची धूळ मिसळली की पावसाळ्यात तो तंतू म्हणजे वीज गळायची वाट. स्कोपचं इनपुट १ मेगाओहमचं, मल्टिमीटरचं बहुधा १० मेगाओहमचं. तिथे अशी गळती लगेच दिसते.

तंतू काढायला सुई, पिन, स्क्रूड्रायव्हर आत घालू नका. तोंडानं फुंकू नका, थुंकीची वाफ आत जाते. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, तिच्यात पाणी आणि तेल दोन्ही असतं. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा मिळतो, तो पुरतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. मेडिकलमधलं सॅनिटायझर त्याच्या जागी चालत नाही, त्यात पाणी असतं आणि बहुतेकांत ग्लिसरीन, ते चिकटून राहतं. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आपल्याकडे सर्रास वापरतात; त्या स्वतःच तंतू सोडतात, म्हणजे जे काढायला गेलो तेच भरून आलो. दातकोरणीच्या टोकाला चष्मा पुसायच्या कापडाची एक पट्टी गुंडाळा, अल्कोहोलनं ओली करा, निथळू देऊ नका. पांढऱ्या टेफ्लॉनवर आणि बाहेरच्या कड्याच्या आतून फिरवा. मधल्या पाकळ्यांना कडेनं जोर लावू नका. अल्कोहोल उडून जाईपर्यंत थांबा, त्याची वाफ पेट घेते, म्हणून मशीन चालू असताना हे करायचं नाही आणि शेजारी सोल्डरिंग गनही नको.

प्रोबच्या बाजूचा प्लगही बघा. त्याच्या आतल्या चिरलेल्या कड्याच्या पट्ट्या आत दबल्या असतील किंवा फिरवायच्या टोपीची स्प्रिंग मेली असेल, तर प्लग लागतो पण डुलतो. तो डुलणारा प्लग वापरत राहिलात तर स्कोपची चांगली सॉकेटही ढिली करतो. एक खराब कनेक्टर ज्या-ज्या चांगल्या कनेक्टरला लागतो त्याला बिघडवत जातो, हे मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात पोरांना सांगते. प्रोब स्वस्त, स्कोपची सॉकेट महाग. खराब प्रोबच्या प्लगवर लाल टेप लावून बाजूला टाका, नाहीतर हाताखालचा पोरगा तो परत लावेल.

मल्टिमीटर: पिना टेकवून ०.१ ते ०.३ ओहम यावा. १.५-२ येतो आणि बदलतो म्हणजे एकतर सॉकेटात घाण, नाहीतर लीडच्या शेपटीपाशी तारेच्या बऱ्याच काड्या तुटून दोन-चार उरल्यात. तांब्याच्या जाड तारेचा छोटा तुकडा घ्या, मीटर ओहमवर ठेवून दोन्ही सॉकेटांत घाला, आतल्या कडेला नीट टेकू द्या. आता ०.१-०.२ स्थिर दिसला तर मीटर चांगला आहे, लीड बदला. इथेही डोलला तर सॉकेट साफ करायची. बारीक रोध मोजताना ही तपासणी आधी करायचीच. विहिरीचं पाणी तपासायला नेताना बाटलीच घाण असेल तर अहवाल बाटलीचा येतो.

आणि हे मात्र काळजीनं वाचा. लीडच्या कव्हरला चीर गेली असेल, आतलं तांबं दिसत असेल, तर टेप मारून वापरू नका. तुम्ही ४१५ व्होल्टच्या थ्री फेजवर आणि व्हीएफडीच्या डीसी बसवर (आतल्या डीसीच्या पट्ट्यांवर) काम करता, तिथे ५८० व्होल्टच्या पुढे असतं. सरळ कापून कचऱ्यात टाका, म्हणजे कोणी उचलणार नाही. नवीन घेताना कॅट-३ (थ्री फेजच्या वायरिंगवर मोजायला चालणारा सुरक्षेचा वर्ग) ६०० व्होल्ट किंवा त्याच्या वरचं लिहिलेलं, आणि कव्हर सिलिकॉनचं घ्या. साधं पीव्हीसी तुमच्या टिनाखाली कडक होतं आणि थंडीत तडकतं.

मेगरचं उत्तर बहुधा त्याच्या लीडमध्येच आहे. मोटर लावूच नका. दोन्ही लीड हवेत लटकत्या ठेवा, एकमेकींना आणि टेबलाला न लागता, आणि बटण दाबा. काटा अनंतावर गेला पाहिजे. मग त्याच लीड टेबलावर टाकून परत बघा. काय येतं ते इथे लिहा. टेस्ट चालू असताना टोकांना हात नाही.

रिवाइंडिंगवाला_घाटंजी

ताई, खूप आभार. सांगितलं तसंच करून पाहिलं.

प्रोबचा दोष दुसऱ्या चॅनलवरही सोबत आला. प्लगमागच्या शेपटीपाशी वाकवला की १एक्सवर मीटर जोड तुटल्याचं दाखवतो, सोडला की रोध परत येतो. म्हणजे आतली तारच तुटलेली. शिवाय प्लग डुलतो. नवीन प्रोब मागवला. सॉकेटमध्ये भिंगातून बघितलं तर तंतू खरंच होता, पहिल्या चॅनलला दोन. पाकळ्या ठीक आहेत.

मल्टिमीटरमध्ये तांब्याची तार घातल्यावर ०.१ स्थिर, म्हणजे लीडच. मेगर हवेत अनंत दाखवतो, टेबलावर लीड टाकल्या की ३ मेगाओहमवर उतरतो! टेबलावर रबरी चटई आहे, वर वार्निशचे डाग आणि धूळ.

दोन प्रश्न राहिले. लीड स्वच्छ करूनही मोटरीचं रीडिंग कमी आलं तर? आणि व्हीएफडीवर स्कोप लावताना क्लिप कुठे लावायची?

शिल्पनिदेशिका_वर्धा

चटई धुऊन वाळवा, लीड अल्कोहोलच्या फडक्यानं टोकापासून प्लगपर्यंत पुसा, आणि मेगर करताना लीड शक्यतो हवेतच राहू द्या. मोटरीच्या टर्मिनल बोर्डावरची धूळही तशीच गळते. तीन खिळ्यांच्या मधली जागा कोरड्या ब्रशनं आणि मग फडक्यानं पुसून मोजा. त्यानंतरही कमी आलं तर वाइंडिंग बहुधा ओली आहे, तिला वाळवून बघायचं, लगेच फोडायची नाही.

क्लिपचा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. साध्या स्कोपच्या प्रोबची काळी क्लिप आतून थेट अर्थला, म्हणजे तुमच्या थ्री पिन प्लगच्या अर्थला जोडलेली असते. ती व्हीएफडीच्या डीसी बसवर किंवा फेजवर लावली की सरळ शॉर्ट. क्लिप वितळते, प्रोब जातो, कधी स्कोप जातो, माणूस भाजतो. यावर काही जण स्कोपची अर्थ पिनच काढतात. ते कधीही करू नका. मग स्कोपचा बाहेरचा पत्राच बसच्या व्होल्टेजवर येतो आणि तुमचा हात त्याच पत्र्यावर असतो. त्यासाठी डिफरेन्शिअल प्रोब (अर्थला न जोडता दोन जागांमधला फरक मोजणारा) मिळतो, तोच घ्यायचा. तो येईपर्यंत त्या भागात स्कोप नाही.

टॉवरवाला_गडचिरोली

मॅडम, मधेच विचारतो. आम्ही गावागावांत वायफायची लिंक टाकतो. केबल तपासायच्या छोट्या ॲनालायझरला एसएमए (छोटा आट्यांचा कनेक्टर) आहे, वर अँटेनाला एन (तसाच पण मोठा). जंगलात, टॉवरवर बसून जोडायचं असतं. पोरं पक्कडनं आवळतात. किती आवळायचं? आणि राउटरच्या अँटेनाचा कनेक्टर ॲनालायझरला लावता येतो का?

शिल्पनिदेशिका_वर्धा

पक्कड बंद करा. एसएमएचा नट पितळी असेल तर सुमारे ०.५६ न्यूटन-मीटर, स्टीलचा असेल तर ०.९ च्या आसपास, एवढंच. त्यासाठी ८ मिमीचा ठरावीक ताकदीला सुटणारा पाना मिळतो, ॲनालायझर सांभाळायचा असेल तर तो घ्याच. आवळताना फक्त नट फिरवायचा, केबल नाही. केबल फिरली की आतली पिन समोरच्या पाकळ्यांत घासत फिरते. आणि एसएमए तसाही सुमारे ५०० वेळा लावण्या-काढण्यापुरता बनवलेला असतो, म्हणून ॲनालायझरच्या तोंडावर एक छोटा ॲडॉप्टर कायमचा बसवून ठेवा. झिजला तर तो बदलायचा.

राउटरचं मात्र जपून. वायफाय राउटरच्या अँटेनाला बहुतेक वेळा आरपी-एसएमए असतो. आटे तेच, फक्त पिन आणि भोक उलट बाजूला. काही जोड्यांत दोन्हीकडे भोक येतं, नट बसतो पण मध्ये काहीच लागत नाही, आणि तुम्हाला केबल तुटल्यासारखं दिसतं. काही जोड्यांत पिनेवर पिन येते आणि आवळली की दोन्ही वाकतात. लावण्याआधी दोन्ही तोंडं डोळ्यांनी बघायची, अंदाजानं नाही.

एनमध्येही असाच धोका. ७५ ओहमच्या एनची मधली पिन बारीक असते. ५० ओहमची जाड पिन ७५ च्या सॉकेटात घुसवली तर तिच्या पाकळ्या फाकतात त्या फाकतातच. बीएनसीत तसं मोडत नाही, ५० आणि ७५ एकमेकांत बसतात, पण सीसीटीव्हीची ७५ ची केबल ५० च्या सिग्नल जनरेटरला लावली तर जलद लहरीचा काही भाग परत फिरतो आणि आकार बिघडतो.

वऱ्हाडी_वायरमन

मॅडम, पटलं. पॉलिश पेपर बंद. सोलर पंपावर एक अनुभव सांगतो. पॅनलचे एमसी४ कनेक्टर लोक उघडेच सोडून देतात, पावसात तोंड वर. आत माती अन् मुंग्या. मग जोडला की गरम होऊन वितळते. अन् चालू पंपावर ओढून काढू नका, डीसीची ठिणगी इझत नाई लवकर. आधी कंट्रोलरचा स्विच बंद. मीटर लावायसाठी एमसी४ ची तयार लीड भेटते, सुया खुपसू नका. उंदरांचं काय करावं मात्र?

शिल्पनिदेशिका_वर्धा

तुमचं एमसी४ चं अगदी बरोबर आहे. आणखी एक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसी४ दिसायला सारखे असले, "टक्" करून बसले, तरी एकमेकांत लावू नयेत. मापातला बारीक फरक आतला जोड ढिला ठेवतो आणि तोच पुढे तापतो.

उंदरांसाठी पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा, दुसरं काही टिकत नाही. सिलिकॉनची लीड मऊ असते, ती उंदीर कुरतडतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारं जेल घ्या. रंग बदलला की मंद आचेवर तापवून परत वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही.

रिवाइंडिंगवाला_घाटंजी

शेवटचं. लीड मी मीटरलाच गुंडाळून ठेवायचो, त्यानं काही होतं का? आणि जिनिंगच्या हंगामात रिकाम्या सॉकेटांचं काय?

शिल्पनिदेशिका_वर्धा

होतं. शेपटीपाशी तार रोज त्याच जागी वाकते, ती तिथेच तुटते. शिवाय पीव्हीसीत मऊपणासाठी तेलासारखं रसायन असतं, उन्हाळ्यात ते बाहेर येऊन मीटरच्या प्लास्टिकवर चिकट चर पाडतं. लीड सॉकेटातून काढा, प्लग धरून, वायर ओढून नाही. आरजी-५८ सारख्या ५ मिमीच्या केबलचा वेढा ५ सेंटिमीटर त्रिज्येहून लहान नको. प्रोबही सैलच ठेवा. गुंडाळताना एक वेढा सरळ आणि पुढचा उलटा, म्हणजे केबलला पीळ बसत नाही. कोपराभोवती गुंडाळू नका. टांगायचं असेल तर खिळ्याला नाही, चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा भिंतीला ठोका, त्यावर सैल टाका.

रिकाम्या बीएनसीला प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, मूठभर मागवून ठेवा. टेप लावू नका, त्याचा गोंद उन्हात वितळून आत जातो. मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर झाकणाच्या डब्यात, स्कोपवर तंतू न सुटणारं कापड, बंद करून थंड झाल्यावर. क्लॅम्प मीटरच्या जबड्याची दोन्ही तोंडं रोज सकाळी पुसा. मध्ये रुई अडकून जबडा पुरता मिटला नाही तर अँपिअर चुकीचे दाखवतो आणि मोटर ओव्हरलोड आहे की नाही तेच कळत नाही. नवीन प्रोब आला की आधी त्या १ किलोहर्ट्झच्या लहरीवर १०एक्सला लावून त्याचा छोटा स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसानं फिरवा, लहरीचे कोपरे सरळ होईपर्यंत. जमलं नाही तर स्क्रीनचा फोटो टाका, मी बघते.